सविताताई आणि बी निगेटिव्ह

नवं काम सर्व्हरवर, म्हणजे लोकांना इंटरनेटवर दिसेल असं, चढवताना सविताताई डोळे मिटून घ्यायच्या. सेनगावकडच्या एका तांड्यावरून शिकून आलेल्या ताई आणि मी, हिंगोलीतल्या एका लहानशा ऑफिसात आम्ही दोघंच वेबसाइट करायचो. "इथं चालून राहिलं म्हून तिथंबी चालंल, असं समजू नको," हे त्या मला सारखं ऐकवत.

आम्ही रक्तदात्यांची वेबसाइट केली. रक्तगट निवडला की त्या गटाच्या माणसांचे फोन नंबर दिसायचे. आमच्या कॉम्प्युटरवर ती नीट तपासली होती. सुरू झाली त्याच आठवड्यात, दुपारी दवाखान्यातून एका माणसाचा फोन आला. बायको बाळंत झाली होती, रक्तस्राव थांबत नव्हता. 'बी निगेटिव्ह'खालचं नाव पाहून त्यानं कळमनुरीहून एकाला बोलावलं. तपासलं तर त्याचा गट वेगळाच.

"तुमचं असं काहून दाखवून राहिलं?" त्यानं विचारलं. तो ओरडत नव्हता. अगदी हळू बोलत होता, त्याचीच जास्त भीती वाटली.

ताईंनी सर्व्हरवरचं पान उघडलं. 'बी निगेटिव्ह' या मथळ्याखाली सगळ्याच गटांची माणसं. आमच्या कॉम्प्युटरवर मात्र तेच पान बरोबर. मी घाईघाईनं कोड उघडला.

"ते ऱ्हाऊ दे. आधी साइट बंद कर. आनखी कोणी फसायला नको."

आमच्या कॉम्प्युटरवरच्या बी निगेटिव्हच्या बरोबर यादीतून ताईंनी फोन लावायला घेतले. एक लागेना, दुसरा पुण्यात. कनेरगाव नाक्यावरचा एक ढाबेवाला सापडला. "दादा, आत्ताच्या आत्ता निघता का?" तो निघाला.

मगच त्या कोडकडे वळल्या. आमच्याकडे चालू असलेली एक सेटिंग सर्व्हरवर बंद होती. त्यामुळे निवडलेला गट तिथं पोचतच नव्हता, आणि यादी सगळ्यांची येत होती. दुरुस्ती दोन ओळींची. ती करून ताई दवाखान्यात गेल्या.

संध्याकाळी परतल्या आणि उभ्यानंच पाणी प्यायल्या.

"रक्त चढलं. बाई शुद्धीवर हाय. लेकरूबी बरं हाय."

"मग झालं की, ताई."

"तिच्या नवऱ्यानं विचारलं, तुमी कोण? मला बोलताच आलं न्हाई. तशीच निघून आले."

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिस न उघडताच त्या पुन्हा दवाखान्यात गेल्या. ती वेबसाइट आपण केली, हे त्यांनी त्या माणसाला सांगितलं. तो काय म्हणाला, ते मात्र त्यांनी मला कधीच सांगितलं नाही.