पाचवा नंबर

अमरावतीच्या कॉलेजात माझा बाक दारात होता. इतका दारात, की उजवा कान वर्गात आणि डावा बडनेऱ्यात. तेल्हाऱ्याच्या महाराचं पोर आत बसलं तर विज्ञान बाटेल, असं आमच्या प्रोफेसराचं मत. त्याची पगडी एवढी, की तिच्यात बाळापूरचा किल्ला मावून वर गुरांना चरायला जागा उरेल. डोक्याला मात्र तिच्यात जागा नव्हती.

त्या दिवशी त्यानं फळ्यावर अणू काढला. प्रत्येक इलेक्ट्रॉनचे चार क्वांटम नंबर, आणि चारही सारखे असे दोन इलेक्ट्रॉन एका अणूत नाहीत, असं सांगितलं. मग माझ्याकडे वळला.

"पाहिलंस? अणूतही ज्याची त्याची जागा ठरलेली. केंद्राजवळचे कुलीन. तू बाहेरच्या कक्षेतला. दारातूनच शीक."

वर्ग हसला. सगळ्यात मोठ्यानं पहिल्या बाकावरचा त्याचा भाचा. अकोल्यात मोर्णेचं पाणी हललं असेल.

मी उभा राहिलो. "सर, मले एक समजून नाही राहिलं."

"मळे? कुणाचे मळे?"

पुन्हा हसणं. हसू दिलं.

"पहिला नंबर कक्षेचा. दुसरा आकाराचा. तिसरा दिशेचा. चौथा गिरकीचा, उजवी का डावी. जातीचा नंबर कोणता जी?"

हसणं बंद.

"खाली बस."

"बसतो. पण अणूतल्या एका खोलीत दोघं राहतात, गिरकी उलटी असली की. तुमीच सांगितलं. तुमच्या भाच्याची गिरकी माह्याहून उलटीच आहे."

गेलो आणि पहिल्या बाकावर भाच्याशेजारी बसलो. भाचा सरकला. बाक संपला तरी सरकत राहिला. धपकन खाली.

"वर्गाबाहेर हो."

"नाही होत."

त्यानं अणू पुसला आणि स्वतःच बाहेर गेला. एवढं मोठं विज्ञान, एका मांडीला भ्यालं.

दुसऱ्या दिवशी माझा बाक पुन्हा दारात. मी पुन्हा आत. त्याच्या पुढच्या दिवशीही तेच. तो शिकवेना, मी उठेना.

त्यानंच शिकवलेलं एक तो विसरला. जोडणं, तोडणं, पेट घेणं, सगळं बाहेरच्या कक्षेतले करतात. आतले भरल्या पोटी नुसते बसून असतात.

मी बाहेरच्या कक्षेतला. कबूल. आता काय जोडायचं आणि काय तोडायचं, ते मी ठरवणार. पहिला तोडणार तो दारातला बाक.