कडी लावून पाहणारे काका

माणसाने डोक्यावरचं छप्पर पारखून घ्यावं, या एका तत्त्वाला वाहून घेतलेला एकच गृहस्थ मी पाहिला, आणि ते आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. हे वाहून घेणं निवृत्तीनंतरचं आहे. त्याआधी ते चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला होते. तिथे त्यांनी जन्मात एकही भाग बनवला नाही. फक्त परत पाठवले. आता आकुर्डीच्या कॉलेजात कुणाच्याही नात्यातलं पोर शिकायला आलं, की खोली बघायला काकांना न्यायची आमच्या सोसायटीत प्रथा आहे. स्कूटर माझी असल्यामुळे मीही जातो.

खोलीत शिरले की काका आधी खिशातून गोटी काढून फरशीवर सोडतात. ती मोरीकडे न जाता पलंगाकडे गेली की खोली रिजेक्ट. मग सगळे नळ एकदम सोडायचे, भिंतीला तळहात लावून ओल बघायची, कपाटात डोकं घालून वास घ्यायचा, आणि पाणी किती वाजता येतं हे मालकाचं ऐकून घेऊन शेजारणीला विचारायचं. वाकडच्या एका टोलेजंग इमारतीत एजंट उत्साहाने पोहण्याचा तलाव दाखवत होता, तेव्हा काका "टॉवेल कुठे वाळत घालायचा?" एवढंच विचारत राहिले. पण त्यांचा खरा जीव बाथरूमच्या कडीत. स्वतः आत जाऊन कडी लावतात आणि मला बाहेरून दार ओढायला सांगतात. पिंपळे गुरवला एकदा कडी अशी बसली की सुतार येईपर्यंत काका आतच. बाहेर आल्यावर घाम पुसत म्हणाले, "कडी पास." तिथला मालक गावातलाच, मूळचा शेतकरी. तो हात जोडून म्हणाला, "आवो काका, पोरगी र्‍हायला येनार हाय, का तुमी कंपनीचं आडिट कराया आलाय?"

यंदा त्यांच्या धाकट्या बहिणीची नात लातूरहून इंजिनिअरिंगला आली. प्रवेशाच्या धावपळीत ती काकांकडेच उतरली होती. काकू गेल्यापासून त्या घरात पहिल्यांदाच कुणीतरी कुणाला हाक मारत होतं. तिच्यासाठी आम्ही अर्धं आकुर्डी पालथं घातलं आणि काकांनी ते सगळं रिजेक्ट केलं. एका खोलीत तर गोटी सरळ मोरीकडे गेली. काकांनी ती उचलली, उजेडात धरून पाहिली आणि म्हणाले, "गोटी झिजलीय."

जिना उतरताना मी विचारलं, "काका, मग पोरीनं राहायचं कुठं?"

"राव, बाहेरचा सगळा माल परत गेला की गोदामात असतो तोच चालवतात." दोन पायऱ्या उतरून त्यांनी पुढे सांगितलं, "आतली खोली पुसून ठेवलीय. आमच्या हिचं शिलाई मशीन हलवलं तिथून."

पोरीनं तीच झिजलेल्या गोटीची खोली घेतली. काकांच्या पाया पडली आणि निघाली. सामान पोचवायला अर्थातच मी. आजोबांकडे का नाही राहिलीस, असं वाटेत विचारलं तर म्हणाली, "आजोबा लई चांगले आहेत हो. पण त्यांच्या बाथरूमची कडीच लागत नाही. मी रोज भरलेली बादली दाराला लावून आंघोळ केली. आता हे त्यांना कोण सांगणार?"

सामान पोचवण्यासारखं ते सांगणंही माझ्याकडेच आलं. काकांनी ऐकून घेतलं. खिशातली गोटी एकदा फिरवली. मग म्हणाले, "एकटा माणूस कडी कशाला लावून बघेल?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी पितळी कडी आणली आणि स्वतःच्या हाताने बसवली. ती दाखवायला मला वर बोलावलं. पोरगी आता रविवारी जेवायला येते आणि ऊन उतरलं की आपल्या खोलीवर जाते. आतल्या खोलीत अजून मशीन परत ठेवलेलं नाही. नवी कडी चकचकीत आहे. दार पाण्याने फुगलेलं असल्यामुळे ती लागत नाही.