रमलीबाईचं बोलणं

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. कोणी विचारलं तर म्हणायचो, टीबी झाला होता, गोळ्या घेतल्या, बरा झालो.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला. "गुरुजी, टीबी आहे. बरा होतो. गोळी चुकवू नका." धानोऱ्याला घरी बायकोनं माझं ताट वेगळं केलं आणि रडत बसली. मी दवाखान्यात भरती झालो.

तिथे रेखा सिस्टर संशोधन करत होत्या. त्याला क्रिटिकल एथ्नोग्राफी म्हणतात. म्हणजे वॉर्डात लोकांबरोबर राहायचं, पाहायचं, आणि कोणाचं ऐकलं जातं, कोणाचं दाबलं जातं, तेही शोधायचं.

डोंगरातल्या मोलगीकडची रमलीबाईही टीबीची पेशंट. ती फक्त पावरी, म्हणजे तिकडची आदिवासी बोली, बोलायची. मी त्या डोंगरात आश्रमशाळेवर होतो, म्हणून सिस्टरांनी मला दुभाषी केलं. मास्क लावून व्हरांड्यात बसायचो.

ती म्हणाली, गोळ्यांनी उलट्या होतात, लघवी गडद होते, सांगायला गेलं की वॉर्डात गोळ्या वाटणारी बाई ओरडते. मी सिस्टरांना सांगितलं, "बरं आहे म्हणते."

बायको डबा घेऊन आली होती. "इतली बोलनी ती, तुम्ही दोनच शबद सांगात?"

"तुले काय समजस? गप बस."

शाळेत तपासणीला साहेब आले की पोरांचं बोलणं मीच मराठीत सांगायचो. वरणात अळ्या असल्या तरी "जेवण छान आहे म्हणतात." तीच सवय. शिवाय मीही त्याच लोकांच्या हातून गोळ्या घेत होतो. वाईटपणा नको वाटला.

सिस्टर शेवटी प्रत्येकाला त्याचं लिहून घेतलेलं बोलणं वाचून दाखवत. त्या दिवशी रमलीबाईचा नवरा आला होता. तो बाजारात आमचूर विकायचा, त्याला मराठी यायची. सिस्टरांनी वाचलेलं त्यानं तिला पावरीत समजावलं. तिनं नाही म्हणून मान हलवली, त्याला काही सांगितलं आणि माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे पिवळे झाले होते.

"गुरुजी, ती तर उलट्यांचं बोललेली," नवरा म्हणाला.

सिस्टर एवढंच म्हणाल्या, "मला तुमचं मत नको होतं. तिचं म्हणणं हवं होतं." आणि डॉक्टरांकडे धावल्या.

"ड्रग इंड्यूस्ड हेपटायटिस," डॉक्टर म्हणाले. म्हणजे गोळ्यांनीच यकृताला आलेली सूज. "आधी कळलं असतं तर गोळ्या थांबवल्या असत्या."

तिला धुळ्याला हलवलं. ती तिथेच गेली.

गोळ्या चालू असताना उलट्या झाल्या, डोळे पिवळे दिसले, तर लगेच सांगा. दुसऱ्याचं सांगत असाल तर सगळं सांगा.

बरा झाल्यावर मी जीपनं मोलगीच्या बाजाराला गेलो. वाटभर पावरीत माफीचं वाक्य जुळवत होतो. तिचा नवरा आमचूर घेऊन बसला होता. त्यानं सरकून मला गोणपाटावर जागा दिली.

"या गुरुजी. तब्येत कशी आहे?"

"बरं आहे," मी म्हणालो.