नऊ जण इथं, दहावा वाटेवर

मी मुळगाव सोडलं त्या सकाळी आमच्या ओसरीवर कोल्हापूर-बेळगावकडचे नऊ कामगार डोकी झाकून बसले होते. दोघांकडे टोपी नव्हती, म्हणून त्यांनी खाणीवरची हेल्मेटं घातली होती. मधोमध मलिद्याचं ताट होतं. धुतलेले पोहे, खोवलेलं खोबरं, साखर, वेलची, भोवती पाच फळं. आमच्या बेने इस्रायली घरांत कुणी दूर निघालं किंवा शुभकार्य असलं की एलियाहू हन्नबी या संदेष्ट्याच्या नावानं मलिदा करतात. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, त्याला मिन्यान म्हणतात, आणि ते दहाही ज्यू असावे लागतात. डिचोलीच्या आसपास त्या वेळी ज्यू पुरुष एकच होता, तो म्हणजे मी. वडील रेवदंड्याहून खाणीवर फिटर म्हणून आले आणि इथंच वारले. तेव्हा आईनं त्यांच्या हाताखालची माणसं बोलावली. तिच्या मते दहा म्हणजे दहा.

"मावशी, आमीन कवा म्हनायचं तेवढं डोळ्यानं खुणवा," महादू फिटर म्हणाला.

"पोरगा दम घ्यायला थांबला की म्हण."

मी वडिलांच्या पुस्तकातून वाचत होतो. महादूनं पहिलं आमीन इतक्या जोरात ठोकलं की पाव घेऊन आलेला पोदेर सायकलवरून उतरून आत डोकवायला लागला. आईनं त्यालाही द्रोणभर मलिदा दिला. लग्नाला चार महिने झालेली माझी बायको सिपोरा स्वयंपाकघराच्या दारात तोंडाला पदर लावून हसत होती. मी पणजीहून बोटीनं मुंबईला आणि तिथून इस्रायलला निघालो होतो. तिकडे घर मिळालं की दोघींना बोलावून घ्यायचं, असं ठरलं होतं.

मुळगावात राहिलेल्यांसाठी आणि माझ्यासारखं इथं अश्दोदला येऊन म्हातारं झालेल्यांसाठी हे लिहितो आहे. यंदा मी चारचौघांत एक खोटं बोललो. ते दुरुस्त करायचं आहे.

अश्दोदला मला बंदरात काम मिळालं. मुरगावच्या धक्क्यावर लाल खनिज भरताना मी पाहिलं होतं, इथं संत्र्यांच्या पेट्या होत्या. घरही मिळालं. पण घर मिळालं हे मी लगेच कळवलं नाही. एकट्या माणसाला स्वतःचं घर म्हणजे काय ते मला पहिल्यांदाच कळत होतं. मग कळवलं, तर आई म्हणाली की तिला जमणार नाही, आणि सिपोरा म्हणाली की आईंना सोडून ती येणार नाही. मी आग्रह केला नाही. अशी सात-आठ वर्षं गेली. मी एकदाही गेलो नाही. आई वारल्यावर सिपोरा आली, ती मी निघाल्यावर जन्मलेल्या आमच्या लेकीचा हात धरून. लेक मला 'तुम्ही' म्हणाली.

सासू-सुनेचं पटत नाही असं सगळं जग म्हणतं. माझ्या घरात ते पटलं, आणि त्याचा जाच मी आयुष्यभर सोसला. मला ठाऊक होती ती आई मी निघेपर्यंतची. सिपोराला मिळाली ती पुढची. माझ्या आईनं कधी कुणाला मांडीवर डोकं ठेवू दिलं नव्हतं. सिपोराच्या केसांना ती दर शुक्रवारी तेल लावायची. मला रागावताना आईचा आवाज चढायचा, सिपोराला ती गाणी म्हणून दाखवायची. आईला गाता येतं हे मला अश्दोदमध्ये कळलं, बायको भांडी घासताना गुणगुणत होती तेव्हा. मी विचारलं, कुठलं हे? ती म्हणाली, "आईंचं." मी नळ जोरात सोडला.

आता आमच्या वस्तीतल्या आज्यांनी दर बुधवारी एक बैठक सुरू केली आहे. वाचनालयाच्या खोलीत पंधरा-वीस बायका जमतात. गव्हाच्या चिकाचा हलवा गुठळ्या न होता कसा घोटायचा, मटणाच्या रश्श्यात आमच्या धर्माप्रमाणे दूध चालत नाही तर नारळाचं दूध किती घालायचं, नवऱ्याचा राग किती दिवस मनावर घ्यायचा, सगळं निघतं. नाती समोर बसून ऐकतात. त्यांना हिब्रू सोपी आणि मराठी अवघड, तरी ऐकतात. आम्हा नवऱ्यांना मागच्या खुर्च्यांवर चहापुरती परवानगी आहे.

सगळ्यांत जास्त मागणी सिपोराला असते. "सव्ता सिपोरा, गोव्याचं सांगा," असं म्हणत मुली तिच्या पायाशी सरकतात. सव्ता म्हणजे आजी. आणि ती सांगते. माझं गाव, माझी ओसरी, माझी आई. मासेवालीनं आग्रह केला तरी आई सुंगटं, म्हणजे कोळंबी, कशी घ्यायची नाही, आमच्यात चालतो तो खवल्यांचाच मासा कसा हुडकायची. मलिद्याचे पोहे भिजत घालायचे नाहीत, नुसते धुवून चाळणीत उपसून ठेवायचे, "पोह्याला कळता कामा नये की आपण भिजलो," हे आईचं वाक्य. बायका हसतात. मी मागे बसून थंड चहा पितो. ते वाक्य आईनं मला कधी ऐकवलं नव्हतं.

त्या बुधवारी सिपोरा म्हणाली, "हे गेले त्या तारखेला आई दर वर्षी मलिदा करायच्या. तेच खाणीवरचे लोक यायचे. प्रार्थना आई स्वतः म्हणायच्या, चुकत माकत. पण आता नऊच राहिले होते ना? तर महादू दर वर्षी विचारायचा, मावशी, एक कमी हाय की. आणि आई म्हणायच्या, नऊ जण इथं आहेत, दहावा वाटेवर आहे. कर सुरू."

एका मुलीनं डोळे पुसले. मीही पुसले असते, पण मला दुसरंच काहीतरी झालं. इतकी वर्षं एका छपराखाली राहून हे तिनं मला सांगितलं नव्हतं, आणि या परक्या पोरींना सांगत होती. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "असलं काही झालेलं नाही. माझ्या आईला नियम माहीत होता. ज्यू नसलेली माणसं ती मिन्यानला कधीच बसवणार नाही. ही रचून सांगते आहे."

सिपोरानं माझ्याकडे पाहिलं. मग पर्स उचलली आणि निघाली.

त्यानंतर ती बैठकीला गेली नाही. नातीचा साखरपुडा जवळ आला होता. मलिद्याचं ताट सिपोरानं भरायचं असं नातीच्या मनात होतं. सिपोरा म्हणाली, "मी खोटारडी बाई, माझ्या हातचं कशाला? हन्नाबाईंना सांगा." नात माझ्याशी बोलेनाशी झाली. मी सिपोराला विचारलं, "मला कधी का सांगितलं नाहीस?"

"तुम्हाला सांगितलं असतं तर जाब विचारल्यासारखं झालं असतं," ती म्हणाली. "त्यांना सांगितली तर नुसती गोष्ट होते."

पुढच्या बुधवारी मी एकटाच गेलो. हन्नाबाई बैठकीच्या म्होरक्या, रेवदंड्याच्या, जिभेला हाड नाही. त्या म्हणाल्या, "या दादा, आज कुणाला खोटं पाडायचंय?"

मी उभ्याउभ्याच सांगितलं. सिपोराचं खरं आहे. पहिल्या मलिद्याला मी स्वतः होतो, हेल्मेट घातलेल्या दोघांच्या मधे बसून मीच वाचत होतो. आई असं करायची हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. "खोटं असेल तर एवढंच, की दहावा वाटेवर नव्हता. तो इथं अश्दोदला होता आणि त्याला बरं वाटत होतं."

मला वाटलं कुणी काही सांत्वनाचं बोलेल. हन्नाबाई म्हणाल्या, "हे सिपोराला सांगितलंत?"

"नाही."

"मग आमचा चहा काय पिताय? घरी जा की."

मी घरी आलो. सिपोरा गॅलरीत कपडे वाळत घालत होती. मी तेच सगळं पुन्हा सांगितलं, बरं वाटत होतं हेसुद्धा. तिनं चादरीचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि दोघांनी ती झटकली.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "आईंनाही माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"की तुम्ही येणार नाही. मी एकदा म्हटलं त्यांना, आई, कशाला दर वर्षी खोटं सांगता त्या महादूला? तर म्हणाल्या, तो यायचा नाही गं, पण मोजताना तरी येतो."

चादर वाऱ्यानं आमच्या मधे आली होती म्हणून बरं झालं.

साखरपुड्याला सिपोरानं ताट भरलं. हॉलमध्ये ज्यू पुरुष इतके होते की कुणालाच मोजावं लागलं नाही. मला वाटलं होतं, एकदा सगळं कबूल केलं की हा हेवा सुटेल. तो सुटला नाही. पोहे उपसताना ती मुलींना आईचं काहीबाही सांगत होती आणि मी दारात उभा राहून ऐकत जळतच होतो.

लोक मला विचारतात, तुमचं घर कुठलं, गोव्याचं की इथलं? मुळगावातली आमची जागा आता दुसऱ्यांची आहे. अश्दोदचा फ्लॅट माझा आहे. पण ज्याला मी घर म्हणतो, ते माझ्या बायकोच्या आठवणीत आहे आणि तिथं जायचं तर तिला विचारून जावं लागतं. रोज संध्याकाळी मी विचारतो. कधी ती सांगते, कधी "आज कंटाळा आला" म्हणते.

काल म्हणाली, "शेवटच्या वर्षी आईंना म्हापशाचा बाजार बघायचा होता. महादूच्या पोरानं स्कूटर घेतली होती. त्याच्या मागे बसून गेल्या, उन्हाची छत्री उघडून. वारा लागला आणि छत्री उलटी झाली, तरी सोडली नाही. घरी आल्या त्या हसतच."

माझी आई स्कूटरवर! मला पुन्हा हेवा वाटला. मग मी खुर्ची तिच्याजवळ ओढली आणि म्हटलं, "बरं, पुढं?"