एकशे तेहतीस पत्ते आणि एक पाणकोंबडी

माझा अर्नीमामा बॉयलर दुरुस्त करतो आणि लँकेशायरच्या कालव्यावर एका लांबुळक्या बोटीत राहतो. बोट बांधायला कायमची जागा नसली की कालव्याच्या नियमानं दर चौदा दिवसांनी पुढं सरकावं लागतं, म्हणून मामा वर्षानुवर्षं सरकतोच आहे. बोलतोही त्याच्या इंजिनासारखाच, आधी खाकरून, मग गचके देत.

गेल्या वसंतात कालव्याजवळच्या सरकारी प्रयोगशाळेतल्या बॉयलरचं कंत्राट त्याच्या हाताशी आलं. ते गेलं तर बोट विकून आमच्याकडे, म्हणजे माझ्या आईच्या, त्याच्या थोरल्या बहिणीच्या हुकमाखाली, राहायला येणं भाग होतं. या कल्पनेनं दोघंही हादरली होती. पण प्रयोगशाळेत रोगांचे जंतू ठेवलेले, त्यामुळे बाहेरच्या माणसाची आधी कसून चौकशी. फॉर्म म्हणत होता, पाच वर्षांतले सगळे पत्ते द्या, एकही दिवस गाळू नका.

मामाकडे प्रत्येक मुक्कामाची नोंद होती. तीन रविवार बसून त्यानं एकशे तेहतीस पत्ते उतरवले. 'पूल क्रमांक बारा, पबच्या मागं' वगैरे. पूल एकेचाळीसपाशी मात्र पेन अडलं. तिथं तो तेवीस दिवस राहिला होता.

"चौदा लिही ना, अर्न," आई म्हणाली. "तिथं कोण मोजत बसलं होतं?"

मामा खाकरला आणि त्यानं तेवीस लिहिलं. कारण: पाणकोंबडी.

चौकशीला सरकारी अधिकारी बेअरस्टो बाई बोटीवरच आल्या. आवाज कडक इस्त्रीचा. दोन तास पत्ते तपासून त्या नेमक्या एकेचाळिसाव्या पुलावर थांबल्या.

"मिस्टर हॅलिवेल, पाणकोंबडी म्हणजे?"

"सुकाणूवर घरटं केलं होतं, बाई. सात अंडी. बोट हलवली असती तर..."

"परवानगी घेतलीत?"

"कुणाची, तिची?"

आईनं कपाळावर हात मारला. बाईंनी चष्मा पुसला. म्हणाल्या, लोक जे लपवतात त्याच्याच जोरावर उद्या कुणीतरी त्यांना नाचवतं. तुमच्याकडे लपवलेलं काही उरलेलंच दिसत नाही.

सहा आठवड्यांनी मंजुरीचं पत्र आलं, आईच्याच पत्त्यावर. खाली अट होती: पत्ता बदलल्यास त्वरित कळवावं.

म्हणून आता दर पंधरवड्याला मामा फोन लावतो. "बेअरस्टो बाई, हॅलिवेल. पूल क्रमांक अठ्ठावन्न."

पलीकडून कागदाची सळसळ, मग तोच इस्त्रीचा आवाज: "नोंद केली. सुकाणू तपासलंत ना?"