लहानपणी गेलेल्यांचं पान

तेरा वर्षांपूर्वी आपण धम्मदीपपासून एक गोष्ट लपवली आणि आता तो स्वतःच ती शोधून काढेल, ही धास्ती आठवडाभर जागृतीच्या मनातून हटत नव्हती. भाजी निवडताना तीच, शाळेच्या ऑफिसात दाखले लिहिताना तीच. पोरगा आज ना उद्या ते पान नीट वाचणार, मग आपल्याकडे बघणार. पुढचं काही तिला सुचत नसे.

धम्मदीप सव्वीस वर्षांचा. सिंदीहून रोज गाडीनं बुटीबोरीला जायचा. तिथल्या एका कारखान्यात यंत्रातून निघालेले सुटे भाग मापात आहेत की नाहीत ते तपासणं हे त्याचं काम. ती सवय घरीही उतरली होती. दाराला कुलूप लावलं की चार पावलं जाऊन परत यायचा आणि कुलूप ओढून बघायचा. "एकदा कंपनीनं तुले घरीच ठेवलं पायजे, आमचं तरी माप काढशीन," असं त्याचे वडील श्रावण म्हणत. तो हसायचा आणि पुन्हा कुलूप ओढायचा.

आईच्या माहेरच्या घराण्याचं पुस्तक करायचं वेड त्याला दोन वर्षांपूर्वी लागलं. जागृतीचे वडील लहानू रोहण्याला वारले तेव्हा सगळा गोतावळा जमला होता. छप्पन सालच्या दीक्षेच्या गोष्टी निघाल्या. लहानूच्या वडिलांच्या खांद्यावर बसून मीच नागपूरला गेलतो, असं तीन म्हातारे छातीठोक सांगू लागले. धम्मदीप म्हणाला, "दोन खांद्यावर दोघं बसवले तरी एक उरते, आबा." सगळे हसले. पण त्याच रात्री त्यानं वही सुरू केली. ही माणसं गेली तर खरं काय ते कोण सांगणार, असं त्याला वाटलं.

मग दर रविवारी तो मोटरसायकल काढून रोहण्याला. आजीच्या, म्हणजे सीताबाईच्या खाटेशी बसायचा. प्रत्येक माणसाबद्दल चारच प्रश्न: नाव काय, गाव कोणतं, काम काय करायचा, गेला कशानं. जुने फोटो चादरीवर पसरून मोबाईलवर उतरवून घ्यायचा. सीताबाई कंटाळून म्हणायची, "काऊन रे बापा, मले ठाण्यात बसवलं का तू?" आणि परत सांगत राहायची.

त्या घरात मोनालीही होती, जागृतीच्या भावाची, बंडूदादाची मुलगी. आर्वीला शिकवणीचे वर्ग घ्यायची. रविवारी चहा तीच आणून द्यायची. वर्षभरात नातेवाइकांनी बोलायला सुरुवात केली, "हा आजीसाठी येते का चहासाठी?" दोघांनीही नाही म्हटलं नाही. मामाची मुलगी आत्याच्या घरी द्यायची पद्धत त्यांच्यात पहिल्यापासून. बंडूदादाला तर आभाळ ठेंगणं झालं. "घरातली पोरगी घरातच चालली, मले काय चिंता?" तो म्हणाला. लग्न फेब्रुवारीत ठरलं. आलेल्या प्रत्येक घराला पुस्तकाची एक प्रत द्यायची, हे धम्मदीपनं ठरवलं.

गेल्या रविवारी त्यानं पुस्तकाचा कच्चा छाप जागृतीच्या हातात ठेवला. "आई, तू मराठीची बीए. शुद्धलेखन पाह्य. पुढच्या सोमवारी वर्ध्याले छापाले द्याचं हाये."

तिनं लाल पेन घेऊन कौतुकानं वाचायला घेतलं. वडिलांवरचं पान वाचून डोळे भरून आले. मग एकोणिसावं पान आलं. मथळा होता, 'लहानपणी गेलेले.'

त्यांच्याकडे म्हाताऱ्या बायकांना किती लेकरं म्हणून विचारलं, तर त्या जगलेलीच सांगतात. गेलेल्यांचं नाव घेत नाहीत. घेतलं तर जगलेल्यांना बाधतं, असं जुन्या बायकांच्या मनात बसलेलं. म्हणून आपल्याला एक थोरली बहीण होती, हे जागृतीलाही अर्धवटच माहीत होतं. पण धम्मदीपनं सीताबाईला गेलेली लेकरं वेगळी विचारली होती आणि सवयीनं त्यांचा तक्ता केला होता. पाच नावं. लहानूचा भाऊ तानबा, नऊ वर्षांचा: सांधे सुजले, ताप. लहानूची बहीण, सहा वर्षांची: हातपाय दुखून ओरडायची. दुसरी बहीण, चार वर्षांची: डोळे पिवळे, पोटात पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढली. लहानूच्या चुलत्याचा मुलगा, अकरा वर्षांचा: अंगदुखी. शेवटी सीताबाईची स्वतःची थोरली मुलगी, सात वर्षांची: सांधे सुजले, ताप.

जागृतीच्या हातातलं पेन थांबलं.

धम्मदीप आठवीत होता तेव्हा शाळेत सिकलसेलचं, म्हणजे रक्तातून पिढ्यान्‌पिढ्या उतरणाऱ्या आजाराच्या तपासणीचं, शिबिर झालं होतं. बोटातून रक्त घेतलं, पुढच्या तपासण्या झाल्या आणि महिन्याभरानं एक कार्ड आलं. सिस्टरनं तिला बाजूला बोलावून सांगितलं होतं, "हा वाहक आहे. याला स्वतःला त्रास होत नाही, घाबरू नका. फक्त लग्न ठरवताना मुलीचं रक्त तपासून घ्या. दोघंही वाहक निघाले तर लेकराला हा आजार होऊ शकतो, सांधे सुजतात, अंग दुखतं, डोळे पिवळे होतात." सिस्टरनं तिला आणि श्रावणलाही तपासून घ्यायला सांगितलं होतं. ती गेली नाही. तेव्हा सासू होती. पोराला साधी सर्दी झाली तरी सासू म्हणायची, माहेरचं रक्त. जागृतीनं कार्ड कपाटात साड्यांच्या खाली सरकवलं. लग्नाला अजून खूप वर्षं आहेत, असं स्वतःला सांगितलं.

लग्न ठरलं ते सख्ख्या भावाच्या मुलीशी. दादाला कोणत्या तोंडानं म्हणायचं, की तुझ्या पोरीचं रक्त तपास? आमच्या पोरीत खोट काढते, असं तो म्हणेल. माहेर तुटेल. म्हणून ती गप्प राहिली. पण हा तक्ता तर तिच्याच माहेराचा होता. रक्त तिच्या आईवडिलांकडून तिच्यात आलं होतं, तिच्यातून धम्मदीपमध्ये. मग बंडूदादातही असेल. आणि मोनालीत? मागच्या महिन्यात वहिनी बोलता बोलता म्हणाल्या होत्या, "मोनालीच्या अंगात रक्त कमी हाये म्हणे." तेव्हा जागृतीनं बीट खायला द्या म्हणून सांगितलं होतं. आता तेच वाक्य तिला पुन्हा पुन्हा आठवायचं.

आज पुन्हा रविवार. जेवणं झाली, श्रावण बाहेर गेले. धम्मदीप लॅपटॉप घेऊन तिच्याजवळ बसला.

"किती चुका निघाल्या?"

"ऱ्हस्व-दीर्घ तेवढे," ती म्हणाली.

"एकोणिसाव्या पानावर तं तू काहीच खूण केली नाई. आई, ते पान वाचून मले लय वाईट वाटलं. एकाच घरातले पाच लेकरं वातानं गेले. त्या वक्ताले औषध नसन."

"हो," ती म्हणाली.

"शेवटचं पान मी काल केलं. पाह्य." त्यानं पडदा तिच्याकडे वळवला. वंशवृक्ष. वर लहानूचे आईवडील, मग लहानू आणि सीताबाई, मग ती आणि बंडूदादा. खाली धम्मदीप आणि मोनालीच्या नावांमधून एक रेघ, आणि रेघेखाली तुटक रेघांची एक रिकामी चौकट.

"हे काय?"

"पुढच्यासाठी जागा." तो लाजला. "मोनाली म्हणते, एक काऊन, दोन ठेव."

जागृती त्या चौकटीकडे बघत राहिली. तिला तिथे सात वर्षांची मुलगी दिसली, सांधे धरून ओरडणारी, जिचं नाव घरात कोणी घेतलं नव्हतं. ती उठली. कपाट उघडून साड्यांखालून कार्ड काढलं आणि त्याच्या हातात दिलं. सिस्टर जे बोलली होती ते जसंच्या तसं सांगितलं. सांगताना आवाज तिचाच तिला परका वाटला.

धम्मदीपनं कार्डावरची तारीख वाचली. मग लॅपटॉपवर एकोणिसावं पान काढलं आणि तक्त्यावरून बोट खाली खाली नेलं, पहिल्या नावापासून पाचव्यापर्यंत. मग पुन्हा वरून.

"तुले तेरा वर्षं माहीत होतं?"

"हो."

"लग्नाची सुपारी फुटली तेव्हाबी?"

"तेव्हाबी."

"मी कारखान्यात एक तुकडा तपासल्याबिगर पुढं जाऊ देत नाई, आई. अन् तू घरात..." तो अर्ध्यावरच थांबला. डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले. मग म्हणाला, "मोनाली नसन बी वाहक."

"नसेलही. तपासलं तर कळेल. एवढंच करायचं आहे."

"अन् निघाली तं?"

डॉक्टरांना विचारावं लागेल, दोघांना बसून ठरवावं लागेल. ते लग्न मोडतील की करतील, हे तिच्या हातात नव्हतं. याचीच तर तिला इतकी वर्षं भीती वाटत आली होती.

"मामाले मी सांगतो," तो म्हणाला आणि मोबाईलला हात घातला.

"तू नको. लपवलं मी, तू काऊन सांगशीन?"

"मामा तुले माहेरी पाय ठेवू देणार नाई."

"नाई तं नाई," ती म्हणाली. तिनं स्वतःचा मोबाईल मांडीवर ठेवून नावं वर सरकवली. बंडूदादाचं नाव आलं, त्यावर तिचा अंगठा थांबला. दादाला सांगितलं तर तो चिडेल, घरात दोन दिवस अबोला राहील आणि पोरीपर्यंत काहीतरी भलतंच पोचेल. रक्त मोनालीचं होतं. लेकरंही तिचीच होणार होती. मग पहिल्यांदा तिलाच कळायला हवं.

तिनं दादाचं नाव सोडलं, मोनालीचं शोधलं आणि धम्मदीपनं हात धरून थांबवायच्या आत फोन लावला.