खरवईचा घोडोबा

खरवईच्या अनंता भोईरला कोणी नुसतं "कसं काय" विचारलं, तरी तो घोड्यावरूनच सुरुवात करायचा. त्याच्या घराण्याचा मूळपुरुष म्हणे घोड्यावर बसून घाटावरून खाली उतरला. खरवईच्या माळावर घोडा अडला, आणि अडला तिथेच भोईरांची वस्ती झाली. पुरावा म्हणून शेताच्या बांधावर मांडीभर वर आलेला एक दगड होता. माथ्यावर चंद्र-सूर्य, मधे पुसट झालेली अक्षरं आणि अगदी मातीला टेकलेलं एक जनावर. त्याचे कान, मान आणि पाठ तेवढी दिसायची, बाकीचं जमिनीच्या पोटात. पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेंदराने कान आखूड झाले होते आणि मान चांगली भरदार. हा घोडोबा. गावात खरा घोडा यायचा तो लग्नाच्या वरातीपुरता, तोही उल्हासनगरहून भाड्याने. पण घोडोबाच्या घोडेपणावर शंका घ्यायची कोणाची छाती नव्हती.

चैत्र पुनवेला घोडोबापुढे पहिला नारळ अनंताचा. तो फुटल्याशिवाय बाकीच्यांनी पिशवीत हात घालायचा नाही. भातशेती होती तोवर अनंताला या मानाचं विशेष काही वाटत नसे. पण जमीन बिल्डिंगींसाठी उल्हासनगरच्या लधाराम शेठला देऊन झाली, घराला ग्रॅनाइट लागलं, पोरगा दिपेश स्कॉर्पिओतून फिरायला लागला, आणि अनंताला सकाळी उठून करण्यासारखं काही राहिलं नाही. तेव्हा तो नारळच काय तो उरला.

आणि शेठच्या नकाशात गेट आलं ते नेमकं घोडोबाच्या डोक्यावर.

"दादूस, मी तुमच्या देवाला मार्बलचा मंदिर देतो ना," शेठ म्हणाला. "रोडच्या बाजूला. लाइट, पंखा, सगला. फक्त इथून उठवायचा. आता नाही मत बोलो."

"घोडा अडला तिथं अडला, शेठ. आमाला इचारून अडला नवता."

"रविवारपर्यंत विचार करो. सोमवारी जेसीबी येते."

दिपेश शेठच्याच बाजूचा होता. त्याला मार्बल आवडायचा.

त्याच रविवारी ज्येष्ठ नागरिक संघाची सहल निघाली. मुरबाडच्या बाजूला एका संस्थेने जुन्या देवळांचे खांब, तुळया, कोरीव दगड गोळा करून उघड्यावर मांडले होते आणि भोवती झाडाझुडपांची मोठी बाग केली होती. अनंता आयुष्यात सहलीला गेला नव्हता. पण तिथे दगडांतली शिकलेली माणसं असतात, त्यांच्यापैकी एकाच्या तोंडून "असा दगड हलवू नये" एवढं वदवून आणायचं, असा त्याचा बेत होता. बायको गोदूबाई सोबत होती. शेजारच्या सीटवर मांजर्लीचा हरिचंद्र होता. अंबरनाथच्या कारखान्यातून रिटायर झालेला हा गृहस्थ कोणाला तरी चिमटा काढल्याशिवाय चहासुद्धा गिळत नसे.

आधी बाग झाली. प्रत्येक झाडाच्या गळ्यात पाटी होती आणि हरिचंद्र ती लॅटिन नावं देवळातल्या मंत्रासारखी मोठ्याने म्हणत होता. गोदूबाईने दोनच प्रश्न विचारले: याला फळ धरतं का, आणि धरत नसेल तर पाणी कशाला घालता. संघातल्या बकुळाकाकूंनी एकही प्रश्न विचारला नाही. त्यांची पर्स सकाळी चपटी होती, दुपारी तिला पालवी फुटलेली होती.

मग दगड. दाखवायला यशोधरा नावाची अंबरनाथची मुलगी होती, इतिहास शिकलेली, गोड बोलणारी. खांब दाखवले, वीरगळ दाखवले, आणि एका दगडापाशी येताच तिचं चालणं एकदम जलद झालं.

"थांब, पोरी," अनंता म्हणाला. "यो आमचा."

चंद्र-सूर्य तेच, अक्षरं तीच, जनावर तेच. फक्त हा दगड नखशिखांत चौथऱ्यावर उभा होता, शेंदराचा थेंब नसलेला.

"आजोबा, हा गधेगाळ. पुढे तुळशीवृंदावन फार सुंदर आहे हं."

"गधे काय?" हरिचंद्राचे कान टवकारले.

"गाढव आहे ते."

"घोडा," अनंता म्हणाला.

"गाढव, आजोबा. कान बघा ना."

कान इतके लांब होते की वादाला जागाच नव्हती. अनंता तरी बघत राहिला, जरा वेळाने आखडतील अशा आशेने.

"आनि त्याच्याखाली ही बाई कोन?" गोदूबाईने विचारलं.

यशोधराने समोरच्या बहाव्याकडे पाहिलं. "ती... एक स्त्री आहे, आजी."

"ते दिसतंय मना. करते काय ती?"

आता संघ पुढे सरकला. ज्यांच्याकडे दोन चष्मे होते त्यांनी चष्मा बदलला. यशोधरा शाळेतल्या कवितेसारखं एका दमात बोलली, "हजारेक वर्षांपूर्वी राजे जमीन दान द्यायचे ते दान चंद्र-सूर्य असेपर्यंत टिकावं म्हणून वर चंद्र-सूर्य आणि ते कोणी मोडू नये म्हणून खाली लिहायचे की जो ही जमीन हिसकावेल त्याच्या आईला हे... म्हणजे त्याच्या आईचं आणि या प्राण्याचं..." इथे कविता अडली. "शिवी आहे, आजी. दगडात कोरलेली."

"आईवरून?"

"आईवरूनच."

"म्हणजे दादूस," हरिचंद्र अगदी सावकाश म्हणाला, "तुमी चैत्र पुनवेला शिवीला नारल फोडता."

परतताना खरवई येईस्तोवर बसमध्ये दुसरा विषय नव्हता. मूळपुरुष घाट उतरला तेव्हा लगाम कुठे धरला असेल, यावर चर्चा झाली. मागच्या सीटवरून कोणीतरी गाढवासारखं ओरडलं. कोण ते कळलं नाही, पण हरिचंद्राने नंतर बराच वेळ पाणी प्यायलं.

अनंता घरी येऊन ओटीवर बसला. "उद्या सांगतो शेठला, ने उचलून. गाडवासाठी कोन भांडल?"

गोदूबाई सुकट निवडत होती. "त्या पोरीनं काय सांगितलं? राजानं ती शिवी लिवली जमीन राखायला. मंग इतकी वर्सं राखली कुनी? त्यानंच. घोडा असता तं कवाच पलून गेला असता."

अनंता ओटीवरून उठला आणि अंधारातच बांधावरच्या दगडापर्यंत जाऊन आला.

सोमवारी जेसीबी आला. मागून शेठची गाडी, गाडीत भटजी आणि हाराची पिशवी.

"शेठ, तुमचंच खरं," अनंता म्हणाला. "यो देव नाय."

शेठने समाधानाने ड्रायव्हरला हात केला.

"शिवी हाय," अनंता म्हणाला, आणि पुढचं त्याने शेठच्या कानात सांगितलं. राजाने 'जमीन हिसकावेल' असं लिहिलं होतं. 'दगड हलवील' ही अनंताची पदरची भर. शेठचा गोरा कान हळूहळू लाल झाला.

"हलवील त्याच्या... आईला?"

"त्याच्याच."

"और जिसने जमीन बेची, उसका?"

"माजी आय कवाच वर गेली, शेठ. तिला गाडव गाठनार कुटं? तुमच्या अम्मा बऱ्या हायत ना?"

अम्मा बऱ्या होत्या. ऐंशीच्या पुढच्या, उल्हासनगरात गादीवर बसून सगळ्या कुटुंबाला धाकात ठेवणाऱ्या. त्यांच्या पायांना हात लावल्याशिवाय शेठ चेकवर सही करत नसे. त्याने भटजींकडे पाहिलं. भटजी म्हणाले, शांत करता येईल, पण शिवीची शांत त्यांनी कधी केलेली नाही. जेसीबीचा ड्रायव्हर मात्र मशीन बंद करून खाली उतरला आणि कोणी न विचारताच म्हणाला की त्याची आई गावाला एकटीच असते.

गेट बाजूला सरकलं. कंपाउंडची भिंत दगडापाशी आली की अजूनही पोट सुटल्यासारखी बाहेर वळते, आणि नवीन राहायला आलेले लोक वॉचमनला त्याचं कारण विचारतात.

चैत्र पुनव आली. चिडवायचं म्हणून हरिचंद्र मांजर्लीहून मुद्दाम आला होता, पण गर्दी नेहमीपेक्षा दुप्पट बघून तो आधी माणसं मोजायलाच लागला. देवाला येत नव्हते तेही शिवीला आले होते. अनंताने नारळ हातात घेतला, तोच शेठची गाडी थांबली. पांढऱ्या ओढणीतल्या अम्मा स्वतःचा नारळ घेऊन उतरल्या आणि थेट पुढे येऊन उभ्या राहिल्या.

"बेटा, गाली मेरे नाम की है ना? तो पहला नारियल भी मेरा."

अनंताने गोदूबाईकडे पाहिलं. गोदूबाई दुसरीकडे बघत होती. त्याने नारळ पिशवीत ठेवला, आणि ठेवताना त्याचा चेहरा असा झाला की हरिचंद्रानेसुद्धा तोंडावर आलेलं गिळलं.

अम्मांनी नारळ आपटला. तो फुटला नाही. पुन्हा आपटला. नारळ तसाच, अम्मांच्या बांगड्या तेवढ्या वाजल्या. तिसऱ्यांदा हात वर गेला तो अर्ध्यातच थांबला, आणि त्यांनी नारळ अनंतापुढे धरला. "ले, तू फोड. मेरे में अब जान नहीं."

अनंताने एका फटक्यात दोन भकलं केली.

तर पहिला नारळ कोणाचा, हा वाद खरवईत तेव्हापासून चालू आहे. शेठची माणसं म्हणतात, नारळ अम्मांचा. अनंताचं म्हणणं, आणला कोणी ते सोडा, फोडला कोणी ते धरा. हरिचंद्राने त्यावर काहीतरी बोलायला तिथल्या तिथे तोंड उघडलं होतं, पण गोदूबाईने त्यात खोबऱ्याचा भला मोठा तुकडा घातला.